कोणती बकरी घेऊ

तिलवारा, जबलपूर
१९ ऑक्टोबर २०२४

चि. प्रणाली,
जयभीम आणि आशीर्वाद.

माझं अक्षर ओळखलं असशील. ओळखून पत्र बाजूला ठेवलं असेल तरी मी काही म्हणणार नाही. माझा नंबर तू बंद करून ठेवला, ते ठीकच केलं. घरी लिहिलं असतं तर नव्या घरच्यांना तुला काय काय सांगत बसावं लागलं असतं, म्हणून तुझ्या गुरांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकून राहिली. पत्ता गोहलपूरच्या तुझ्या इंदिरामावशीनं दिला. तिच्यावर रागावू नको. मी तीनदा गेली तेव्हा कुठं दिला. तू पशुधन पर्यवेक्षक झाली हे पण तिनंच सांगितलं. तू सून म्हणून होतीस तेव्हा आमच्या घरी चार वर्षं तुझा डिप्लोमा पेटीच्या तळाशी पडून होता, ते आठवलं.

तब्येत कशी आहे? थंडी पडली की डावा कान दुखते का अजून?

इकडे सगळं ठीक. मी आता गढ्यातल्या जुन्या घरी राहत नाही. अश्विनच्या बाबांनी फॅक्टरीत असताना तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे प्लॉट घेतला होता, तुला एकदा दाखवायला नेलं होतं. तिथं दोन खोल्या आहेत. ऑगस्टपासून मी इथंच आहे. गढ्याची गल्ली फार कोंदट, जिना चढताना गुडघे बोलतात. म्हणून आली.

आता कामाचं लिहिते. मला बकरी पाळायची आहे आणि कोणती घ्यावी ते समजून नाही राहिलं. शेजारी भैयालाल आहेत, त्यांची दहा-बारा जनावरं आहेत. ते म्हणतात जमनापारी घ्या, दूध भरपूर, दिसायला राजेशाही. बाजारातला एक जण म्हणाला सिरोही घ्या, कशातही जगते. कोणी बारबरी म्हणते, कोणी म्हणते आपली गावरान काळीच बरी. प्रत्येक जण आपल्याच बकरीचे गुण गाते.

जागा सांगते. चाळीस बाय साठचा प्लॉट, त्यात खोल्या. एक कडुलिंब, एक बोरीचं झाड, भोवती काटेरी तार. जमीन खोलगट आहे, पाऊस गेला तरी ओल राहते. चरायला घेऊन फिरणं माझ्यानं होणार नाही. दूध चहापुरतं निघालं तरी पुष्कळ. विकायचं काही नाही, फॅमिली पेन्शनमध्ये माझं भागते.

तू शिकलेली आहेस म्हणून विचारलं. दोन ओळी लिहिल्या तरी चालेल. नाही लिहिल्या तरी चालेल.

भागीरथाबाई


तिलवारा, जबलपूर
८ जानेवारी २०२५

चि. प्रणाली,
जयभीम.

तुझं उत्तर नोव्हेंबरातच मिळालं. दवाखान्याच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहिलेलं, वर नाव नाही, खाली सही नाही, फक्त गोल शिक्का. "चरायला नेता येत नसेल तर बारबरी. लहान चणीची असते, बांधून खाते. जमनापारी घेऊ नका, तिला हिंडून झाडपाला ओरबाडायला लागतो आणि ओल सोसत नाही. एक घेऊ नका. शेळी एकटी राहत नाही. आणल्यावर लस टोचून घ्या." मी ते पाच-सहा वेळा वाचलं. तू शेळी लिहिलंस. इकडे सगळे बकरीच म्हणतात, पण आता मी पण कधी कधी मनात शेळी म्हणते.

पण तुझं पत्र यायच्या आत मी घाई करून बसली होती. भैयालाल एक दिवस जमनापारी घेऊनच दारात आले. अम्मा, ऐसी फिर नहीं मिलेगी, म्हणाले. पांढरी, उंच, कान खाली लोंबणारे. मी भुलली. ठेवून घेतली.

तिनं इथं मन लावलं नाही. कापून टाकलेला चारा हुंगायची आणि तोंड फिरवायची. दिवसभर तारेपाशी उभी राहून ओरडायची. पलीकडून भैयालालची जनावरं चरायला निघाली की आणखी जोरात. सुरुवातीला मी जवळ जाऊन बसायची. मग मला ते ऐकवेनासं झालं. नोव्हेंबरच्या शेवटी तिचं नाक वाहू लागलं, मग खोकला, मग पातळ हगवण. सरकारी डॉक्टर दोनदा येऊन इंजेक्शन देऊन गेले. चौथ्या दिवशी सकाळी ती बोरीखाली आडवी पडलेली होती. भैयालालनी खड्डा खणला.

डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून आहे? मला सांगता आलं नाही. कारण ती ओरडू लागली की मी खोलीचं दार लोटून घ्यायची, प्रणाली. आत बसून रेडिओ लावायची. डॉक्टर गेल्यावर मी त्या दाराकडे पाहत बसली आणि मला समजलं की ही माझी आजची सवय नाही.

त्या दिवशी पण मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं होतं. तुला वाटलं असेल की मला ऐकू आलं नाही. मला सगळं ऐकू आलं. अश्विनचा आवाज, तुझा आवाज, मग तुझा आवाज बंद झाला तो. मी पोळी तव्यावर टाकली होती, ती जळेपर्यंत उभी राहिली आणि बाहेर आली नाही. मग पोलिसांच्या परामर्श केंद्रात समेटासाठी बसवलं, तिथं मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की सून बाथरूममध्ये घसरली, नळाची तोटी कानाला लागली. तू माझ्याकडे पाहत होतीस. कानाला पट्टी होती. तू समझोत्याच्या कागदावर सही करून दिलीस.

अश्विनचे बाबा जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. एकच मुलगा, त्याच्याच घरी राहायचं, असं मी मनाला सांगितलं. हे सांगून मी सुटत नाही, मला माहीत आहे. फक्त खरं काय होतं ते लिहिलं.

बकरीचं निमित्त होतं, हेही आता लिहून टाकते. बकरी हवी होती, ते खोटं नाही. पण विचारायला इथं दहा लोक होते.

गढ्यातून मी गुडघ्यांसाठी नाही आली. अश्विननं दुसरं लग्न केलं, ते मावशीनं सांगितलं असेल. दीपा नाव आहे, कटनीची पोरगी. मराठी समजते तिला, बोलते हिंदीच. ऑगस्टमध्ये तो दुकानातून आला आणि तिचा फोन मागू लागला, भावाशी एवढं काय बोलते म्हणून. तिनं नाही दिला. त्यानं तिचा हात दारात धरून दार ओढलं. मनगटाचं हाड मोडलं. या वेळी मी बाहेर आली. ऑटो केला, तिला दवाखान्यात नेलं, तिथून ठाण्यात नेलं, आणि जे पाहिलं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझी पेटी आणि बाबासाहेबांची तसबीर जिन्याखाली ठेवलेली होती. तसबीर तरी त्यानं कापडात गुंडाळून ठेवली होती.

आता केस त्याच परामर्श केंद्रात आहे. पहिल्या दोन तारखांना तो म्हणाला की म्हातारीचं डोकं फिरलं आहे, सुनेनं शिकवलं तसं बोलते. पुढची तारीख सत्तावीस जानेवारी. मी तिथं सांगणार आहे की हे पहिल्यांदा नाही, आधीच्या सुनेलाही त्यानं मारलं आणि मी खोटं बोलली. पण त्यात तुझं नाव येईल. तुझं घर आता नवीन आहे. तिथं तू काय सांगितलं आहेस आणि काय नाही, ते मला माहीत नाही. तू नको म्हणालीस तर मी नाव घेणार नाही. एवढी एक गोष्ट तुला विचारून करीन.

डिसेंबरात दोन बारबरी आणल्या. भुरकट, अंगावर ठिपके, कान उभे. दोघी गाभण आहेत. लस टोचली. बांधून खातात, तू लिहिलं तसंच.

भागीरथाबाई


तिलवारा, जबलपूर
२ एप्रिल २०२५

प्रणाली,
जयभीम.

तुझा दुसरा कागद तारखेच्या तीन दिवस आधी मिळाला. वर लिहिलं होतं, गाभण शेळीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंताचं औषध देऊ नका. त्याखाली एक ओळ सोडून, "नाव घ्या. मी येणार नाही." मी तो कागद ब्लाउजमध्ये ठेवून केंद्रात गेली. दाखवला कोणालाच नाही.

तिथं काय झालं ते सांगायला उशीर केला, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

टेबलाच्या एका बाजूला अश्विन, एका बाजूला दीपा आणि तिचे वडील. मॅडम नवीन आहेत, तुझ्या वेळच्या नाहीत. अश्विननं हात जोडले, चूक झाली म्हणाला, पुन्हा होणार नाही म्हणाला. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. खरं असेल, खोटं असेल, मला आता ओळखता येत नाही. दीपाचे वडील म्हणाले, घर टूटना नहीं चाहिए. तेव्हा मी उठली. तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं. कान, नळ, मी दिलेला जबाब, सगळं. मॅडमनी विचारलं, "अम्मा, आप तब झूठ बोल रही थीं कि अब?"

मी म्हटलं, "तब."

मला वाटलं, आता दीपाला आधार वाटेल. ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं.

"मम्मी जी, आप तब बोल देतीं तो मैं इस घर में आती ही नहीं."

मी बसून घेतलं. आपल्या एका खोट्यानं एकच पोरगी मारली गेली, असं मी इतके दिवस धरून चालली होती. दुसरीचा हिशोब मी केलाच नव्हता.

अश्विन बाहेर जिन्यात भेटला. माझ्यासाठी तू संपली, एवढं म्हणाला आणि खाली उतरून गेला. त्याची गाडी सुरू व्हायला वेळ लागला, तेवढा वेळ मी कठडा धरून उभी होती. मुलगा आहे, प्रणाली. तुला हे वाचायला आवडणार नाही, पण मी लिहिते. त्याला लहानपणी ताप आला की मी रात्रपाळीवरून बाबा येईपर्यंत त्याला छातीशी धरून बसायची. तो आणि हा एकच आहे, हे अजून मनाला पटवून द्यावं लागते.

वीस दिवसांनी दीपानं समझोत्यावर सही केली. वडिलांनी तिला माहेराहून स्वतः गढ्यात आणून सोडलं. मला तुझ्या इंदिरामावशीकडून कळलं. मी गेली. दार उघडलं नाही तिनं, खिडकीतून बोलली. सब ठीक है मम्मी जी, आप मत आया कीजिए, उनको पता चलेगा तो अच्छा नहीं लगेगा. हाताचं प्लास्टर कधीच निघालं होतं, पण मूठ अजून पूर्ण वळत नव्हती. चहाचा कप दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी माझा नंबर चिठ्ठीवर लिहून गजातून आत दिला. तिनं घेतला. पाहत पाहत घडी केली आणि पदरात बांधला. अजून फोन आलेला नाही. फोन नेहमी जवळ ठेवते, बकऱ्यांना पाणी पाजताना पण.

म्हणजे माझ्या बोलण्यानं तिचं काही वाचलं नाही. तुझं नाव मी घेतलं आणि ते समझोत्याच्या कागदात कुठं आलंही नाही. हे मला फार लागलं. मार्चमध्ये मी पुन्हा केंद्रात गेली आणि मॅडमना म्हटलं, माझ्या पहिल्या सुनेचा कागद काढा, मला माझा जबाब बदलायचा आहे. त्या म्हणाल्या, ती केस कधीच बंद झाली, आता त्यानं काही होणार नाही. मी म्हटलं, नाही झालं तर नाही, फक्त फाइलीत लावून घ्या. मग त्यांनी सांगितलं की शपथपत्र करून आणा.

कोर्टाजवळ एका वकीलबाईनं करून दिलं. प्रणाली शब्द दोनदा चुकीचा टाइप केला तिनं, दोनदा बदलून घेतला. सही करायच्या आधी ती म्हणाली, अम्मा, सोच लीजिए, झूठे बयान का मामला आप पर भी बन सकता है. मी म्हटलं, बनू दे. केंद्रात ते तुझ्या जुन्या फाइलीत लावलं आणि एका प्रतीवर मिळाल्याचा शिक्का मारून मला दिली. फाइल पातळशी आहे. तुझी सही त्यात जागच्या जागी आहे. अक्षर फार बारीक आलं आहे, नेहमीसारखं नाही.

ती शिक्क्याची प्रत या पत्रासोबत पाठवून राहिली आहे. हिंदीत आहे. मजकूर एवढाच की चार वर्षांपूर्वी मी दिलेला जबाब खोटा होता, माझी सून प्रणाली घसरली नव्हती, तिला माझ्या मुलानं मारलं होतं आणि हे मला त्याच वेळी माहीत होतं. तुझ्या नव्या घरात कोणी कधी कानाबद्दल विचारलं आणि तुला सांगावंसं वाटलं, तर आता तुझ्याजवळ कागद आहे. फाडून टाकला तरी तो तुझा आहे. केंद्रात एक राहीलच.

बारबरींचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारीत एकीला दोन पिल्लं झाली, दुसरीचं पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होते. ती दोन दिवस काही खात नव्हती, आता खाते. दूध चहापुरतं निघते.

उत्तराची वाट पाहणार नाही. बकऱ्यांचं काही अडलं तर इथल्याच डॉक्टरांना विचारत जाईन. तुला त्यासाठी पुन्हा लिहिणार नाही.

कानाला गार वारा लागू देऊ नको.

भागीरथा नीलकंठ गजभिये