कोकराची गोष्ट आणि साहेबांची मुलगी

प्रिय पप्पा,
सप्रेम सलाम. माझी तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. मम्मीचा गुडघा कसा आहे?

चर्चमधल्या मुलांचा रविवारचा वर्ग तुमच्याच पद्धतीने घेते. सिनेमा शेवटाआधी थांबवायचा, मुलांना निवाडा करू द्यायचा, मग बायबलमधली गोष्ट सांगायची. गेल्या रविवारी मुद्दाम असा सिनेमा लावला, ज्यात मालक कारागिराचं यंत्र स्वतःच्या नावावर खपवतो. कारखान्यात आमच्या साहेबांनी माझं पंपाचं डिझाइन खपवलं, अगदी तसं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसते.

"चोर आहे तो," तीच आधी म्हणाली. मग मी श्रीमंताने गरिबाकडून हिसकावलेल्या कोकराची गोष्ट सांगितली, जी संदेष्ट्याने अपराधी राजाला ऐकवली आणि श्रीमंताला दोषी ठरवता ठरवता राजा स्वतःच अडकला. गृहपाठ दिला: दोन्ही गोष्टी घरी पप्पांना सांगा आणि त्यांचं मत विचारा.

बुधवारी पंपाच्या ड्रॉइंगवर साहेबांच्या जागी माझं नाव आलं. साहेब नजर चुकवतात. मला त्यांची तिळभर कीव येत नाही.

आज वर्गात त्यांची मुलगी मागच्या बाकावर होती. "टीचर, तो चोर म्हणजे माझे पप्पा, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

तो संदेष्टा राजासमोर स्वतः उभा राहिला होता. मी लेकराला पुढे केलं. तिला काय उत्तर देऊ, तेवढं कळवा.

तुमची,
थोरली