बिनबाह्यांचा फ्रॉक

११ जानेवारी, रविवार

किळस आली. दुसरा शब्द नाही!

लेकीच्या हट्टापायी आज लेक-जावयाच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये गेले. टायरच्या दुकानावरचा मजला, सगळीकडे रबराचा वास, खिडक्या बंद. तिथले उपदेशक, मोठे ब्रदर, त्यांना सर्दी. रुमालात नाक शिंकरलं, रुमाल खिशात, आणि तोच हात रांगेतल्या एकेका पोराच्या डोक्यावर! ठकीची पाळी आली तेव्हा मी तिची टोपी पार कपाळावर ओढली. सव्वा वर्षाची नात माझी. तिनं त्यांच्याकडे बघून खुशाल बोळकं पसरलं.

उपदेश काय, तर पलीकडच्या शाळेत गोवर आलाय, पण प्रभूच्या लेकरांना लस टोचायची नाही. सुईएवढं भोक पडलं की त्यातून सगळा विश्वास गळून जातो म्हणे. सगळ्यात मोठं आमेन कुणाचं? आमच्या जावयाचं. जिना उतरताना मला ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या लेकराला जो टोचेल, त्याला लेकराचं तोंड पुन्हा दिसणार नाही."

घराच्या दाराला तीन कुलपं लावतो हा माणूस. तिथं प्रभूवर भागत नाही वाटतं!

लेक खाली वाकून चपलेचा बंद लावत होती. लावतच होती.

१३ जानेवारी

पाळकसाहेबांकडे गेले. आपलं जुनं चर्च, आपले पाळक, लेकीचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. लशीबद्दल छान बोलले. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता, औषध ही देवाचीच देणगी, दर सोमवारी आपल्या चर्चमध्येच लस टोचतात. म्हटलं, मग एकदा लेकीला समजवा. तर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, ती आपलं चर्च सोडून गेली, दुसऱ्याच्या कळपात आपण काठी घालू नये. बिस्कीट तुटून कपात पडलं. ते चमच्यानं खरवडून खाल्लं आणि हसले. "भोगतील तेव्हा येतील परत."

भोगणार कोण? सव्वा वर्षाची पोर! इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर प्रार्थना चाललेली.

१५ जानेवारी, गुरुवार

आज लाँड्रीला सुट्टी, म्हणजे तिथल्या माझ्या शिलाई मशीनलाही. लेक सकाळीच ठकीला सोडून गेली. एरवी दहा सूचना देते – हे भरव, ते देऊ नको. आज एक नाही. "संध्याकाळी येते. कुठं न्यायचं तिथं ने," म्हणाली आणि मागं न बघता गेली.

स्वेटर काढला तर आत बिनबाह्यांचा फ्रॉक. एवढ्या थंडीत! माझा जन्म लोकांचे कपडे लांबआखूड करण्यात गेला आणि पोटच्या पोरीला एवढी अक्कल नाही.

मग मी केलं. चर्चमध्ये नाही, तिथं शंभर डोळे. लांबच्या सरकारी दवाखान्यात नेलं. फ्रॉकमुळे कपडे काढायची कटकट नव्हती, नर्सबाईंनी सरळ दंड धरला. ठकी किंचाळली, आणि क्षणात माझ्या चष्म्याशी खेळायला लागली. नर्सबाई म्हणाल्या, आठ-दहा दिवसांनी थोडा ताप येईल, चारदोन पुरळ उठतील, तो लशीचाच असतो, घाबरू नका. दंडावरची चिकटपट्टी मी बाहेर येऊन गटारात टाकली. चोरासारखी! प्रभू, हे तूच करवलंस असं धरून चालते.

१६ जानेवारी

पाप केल्यासारखं वाटत नाही. शांत झोप लागली.

२४ जानेवारी

ठकीला ताप. कानामागं लाल ठिपके. नर्सबाई म्हणाल्या तस्संच!

मी पोचले तोवर घर भरलेलं. गोवर, गोवर म्हणून सगळे गुडघ्यांवर. मोठ्या ब्रदरनी तेलाचं बोट कपाळावर टेकवलं आणि मोठमोठ्यानं रोगाला धमकावायला लागले. त्यांचा गाल सुजला होता. दाढ ठणकतेय म्हणे, पण गोळी घेत नाहीत. जावई जमिनीवर डोकं टेकून हुंदके देत होता.

मला सगळं माहीत होतं, आणि मी त्यांच्यात बसून आमेन म्हणत होते. माझ्याच आवाजाची शिसारी आली.

२६ जानेवारी

ताप उतरला. घरात हल्लेलुयाचा गजर. ठकी पातेलं बडवतेय.

१ फेब्रुवारी, रविवार

आज साक्ष झाली. जावयानं ठकीला दोन्ही हातांनी वर धरलं. "गोवर आला, आम्ही डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही, दोन दिवसांत प्रभूनं पोर बरी केली." टाळ्या, रडारड. लेकीलाही पुढं बोलावलं. ती एवढंच म्हणाली, प्रभूनं राखलं. आवाज कापत होता. मला वाटलं, भक्तीनं.

माझ्या घराच्या वर राहते ती बाई आली होती. लेकीनंच तिला हॉलची वाट दाखवलेली. नवरा परगावी, कडेवर गब्दू, ठकीच्याच वयाचा. उद्या त्याला आपल्या चर्चमध्ये टोचायला नेणार होती. जिन्यात तिनं मला थांबवलं. लेक शेजारीच होती.

"मावशी, तुम्ही खोटं बोलणार नाही. ठकीला खरंच टोचलेलं नाही ना?"

जावई दोन पायऱ्या खाली उभा. ठकी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरत होती.

"नाही," मी म्हणाले.

बाईचा चेहरा असा सैल पडला, कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखा. उद्या नेत नाही मग, म्हणाली. लेकीनं माझा दंड घट्ट धरला होता.

२ फेब्रुवारी

आज सोमवार. बाईनं गब्दूला टोचायला नेलं नाही.

५ फेब्रुवारी

दोनदा वर गेले. एकदा कुलूप होतं. एकदा नव्हतं, आतून गब्दूचं हसणं ऐकू आलं, तरी परत फिरले. तिला सांगितलं की हॉलमध्ये कळणार, हॉलमध्ये कळलं की जावयाला कळणार, आणि ठकी गेली! उद्या सांगेन म्हणते. उद्या, उद्या. ब्रदरचं नाक मला दिसतं, स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही.

१४ फेब्रुवारी

गब्दूला ताप. डोळे लाल, खोकला ऐकवत नाही. हा काही लशीचा ताप नव्हे. बाई माझ्याकडे साखर मागायला आली आणि हसून म्हणाली, "ठकीचाही गेला ना दोन दिवसांत."

साखर दिली!! फक्त साखर दिली.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. दार उघडल्या उघडल्या, उंबऱ्यातच. ठकीला टोचलं होतं, मीच नेलं होतं, तो गोवर नव्हताच, तुमच्याशी खोटं बोलले. मला वाटलं ती थोबाडीत मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं शालीत गब्दूला गुंडाळलं आणि अनवाणीच जिना उतरली. तिच्या चपला घेऊन मी मागं धावले.

हॉस्पिटलात त्याला लगेच ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया म्हणाले. दुपारी मोठे ब्रदर आले. गाल तसाच, डोळ्यात पाणी. बाईनं त्यांना आत येऊ दिलं नाही, तर संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला त्या माणसाचा राग राग करायचा होता. पण तो जे दुसऱ्याला वाढतो ते स्वतः तरी गिळतो. मी काय केलं? नातीला एक वाढलं, शेजारणीच्या पोराला दुसरं.

पाळकसाहेबांचा फोन आला. "म्हणालो नव्हतो?" फोन ठेवला. फोनसुद्धा धुवावासा वाटला.

१८ फेब्रुवारी

जावयाला कळलं. दारातच उभा राहिला, आत आला नाही. माझ्याकडची त्यांच्या घराची किल्ली मागून घेतली. ठकीचं तोंड विसरा म्हणाला. अपेक्षाच होती. पण त्याच्या मागून लेक पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आई, तू असं कसं केलंस?"

हे मात्र जिव्हारी लागलं.

२१ फेब्रुवारी

गब्दू वाचला, घरी आला. डाव्या बाजूनं हाक मारली की वळत नाही. बाई दिवसभर डावीकडूनच हाका मारते. खाली सगळं ऐकू येतं.

२५ फेब्रुवारी

दुपारी लेक लाँड्रीत आली. एकटी. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. मग पिशवीतून एक नवा फ्रॉक काढून माझ्या टेबलावर ठेवला, ठकीच्या मापापेक्षा मोठा.

"ह्याच्या बाह्या काढून दे," म्हणाली. "मागच्यासारखा कर." तिनं दाराकडे एकदा पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "दुसरा डोस कधी असतो, आई?"