हरणाची आखणी

८ जुलै १९६२, रविवार. डार्मश्टाट.

ही वही उघडण्याचे कारण एवढेच, की घरमालकीण फ्राउ केसलर यांनी विनयकडे तक्रार केली. तुमच्या आई दिवसभर खोलीत कोणाशी तरी बोलतात, आणि खोलीत कोणी नसते. मी विचार करत होते. तीस वर्षे वर्गापुढे उभ्या राहिलेल्या बाईचा विचार मोठ्यानेच होतो. असो. आजपासून विचार कागदावर.

निश्चय : विनयची डॉक्टरेट सप्टेंबरात पुरी होते. ५ ऑक्टोबरला जेनोआहून बोट. दोन बर्थ राखून ठेवले आहेत. दुसरा त्याचा. पुण्यात सुलेखाच्या वडिलांनाही नोव्हेंबरचा मुहूर्त कळवला आहे. फक्त विनयला सांगायचे राहिले. येत्या रविवारी सांगणे.

१५ जुलै, रविवार

सांगितले नाही. तो आठवडाभर इन्स्टिट्यूटमध्ये असतो, राहतो विद्यार्थ्यांच्या हाइममध्ये, म्हणजे वसतिगृहात, आणि रविवारी धनुर्धाऱ्यांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, जातो. मीही येते म्हटले. आई, कंटाळशील गं, म्हणाला. गेले. कंटाळले नाही.

फेराइनचे सेक्रेटरी हेर ब्रुकनर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मेहुण्याकडे जाऊन धनुष्याने हरीण मारणार आहेत. इथे तशा शिकारीला कायद्याने बंदी. बाकीचे पंधरा जण कुठेच जाणार नाहीत, तरी खोट्या हरणावर सराव करतात. परीक्षा नाही आणि अभ्यास जोरात. आमच्या शाळेत हा आजार कोणाला झाला नाही.

जुने हरीण फाटले आहे. नवे निवडायचे आहे, अगदी खऱ्यासारखे. विनय परस्पर म्हणाला, आई निवडेल, ती हेडमिस्ट्रेस होती. ब्रुकनर म्हणाले, गेनाऊ! म्हणजे अगदी बरोबर. माझ्यावाचून त्यांचे अडले होते हे उघड आहे.

उटे नावाची एक मुलगी विनयचे बाण उपटून आणून देते. फेराइनने ठेवलेली असावी. कष्टाळू आहे.

२१ जुलै, शनिवार

तीन नमुन्यांची तपासणी केली.

कागदावर छापलेले : हरीण कचेरीतल्या कारकुनासारखे बघते. ३० गुण.

लाकडी फळीचे : बाण रुततो, निघत नाही. ब्रुकनर पाय लावून ओढत होते. २५.

पेंढ्याचे : मानच नाही. घडवंचीला शिंगे लावली आहेत. ३२.

पास व्हायला पस्तीस लागतात. तिन्ही नापास. विनय म्हणाला, आई, त्यांना बाण मारायचेत फक्त. मी म्हटले, म्हणूनच.

बर्थचे सांगणार होते, तर तोच म्हणाला, मला तुझ्याशी जरा बोलायचंय. मी म्हटले, आधी हरणाचे मार्गी लागू दे.

२९ जुलै, रविवार

हरीण मीच करणार. माझे माहेर पेणचे. गणपतीच्या कारखान्यांत बघत बघत वाढले. पेंढा, गोणपाट, सुतळी, दाभण पुरे. तीन आठवडे. दर गुरुवारी विनय जेवायला येतो तेव्हा मदत करील, आणि हात कामात असले की माणूस ऐकतो. तेव्हा बर्थचे सांगायचे.

९ ऑगस्ट, गुरुवार

विनय आला नाही. इन्स्टिट्यूटमध्ये मापे काढत असेल. (कसली, ते विचारायचे राहिले.) मी एकटीने चारही पाय बांधले. एकटीने काम लवकर होते.

१६ ऑगस्ट, गुरुवार

विनय आला, उटेला घेऊन. तिने मला अहो आई म्हटले. उच्चार स्वच्छ. परदेशी माणसांना शिष्टाचार शिकवतो, हा त्याच्या शाळेचा गुण. तिने न सांगता सुतळी धरली. गाठ सैल मारली, मी सोडायला लावली, पुन्हा मारली. चांगली मारली. विनय दोनदा म्हणाला, आई, ऐक ना. मानेचे टाके पडत होते. अशा वेळी ऐकता येत नाही.

२३ ऑगस्ट, गुरुवार

फ्राउ केसलर यांची नवी तक्रार. जिन्यात पेंढा, आणि मी अजूनही बोलते. आता निदान खोलीत कोणीतरी आहे, असे मी त्यांना जर्मनमध्ये सांगितले. त्या गेल्या.

हरणाशी मी बोलत नाही. सकाळी खिडकी उघडताना, ऊन आले हो, एवढेच म्हणते. जेवण त्याच्याकडे तोंड करून करते, कारण टेबल तसेच आहे.

३० ऑगस्ट, गुरुवार

रंग झाला. आज आखणी, म्हणजे डोळे. पेणला आखणी सगळ्यांत शेवटी करतात आणि एका बैठकीत करतात. पापणी, मग बुबुळ, मग पांढरा ठिपका. तोवर मूर्ती नुसती माती असते. ठिपका पडला आणि हरणाने माझ्याकडे पाहिले.

विनय आला नाही. पाहायला हवा होता.

९ सप्टेंबर, रविवार

संपूर्ण यश. हरीण मैदानात उभे केले. ब्रुकनर यांनी तीन वेळा धनुष्य उचलले, तीन वेळा खाली केले. म्हणाले, आल्झो, हे माझ्याकडे बघतंय. बाकीचे पंधरा जण त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. एक जण म्हणाला, बाई, डोळे पुसून द्याल का? काढलेले डोळे पुसत नसतात, मी सांगितले. उटेने आपला कोट हरणावर घातला.

खऱ्यासारखे हवे ही अट त्यांचीच. निवड अचूक ठरली. सराव जुन्या फाटक्यावर झाला. हरीण संध्याकाळी माझ्या खोलीत परत आले. बरेच झाले.

विनय हरणाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, आई, आता तरी ऐकशील? म्हटले, पुढच्या रविवारी.

१६ सप्टेंबर, रविवार

ऐकले. १५ ऑक्टोबरपासून ड्युसेलडॉर्फला नोकरी. दोघांचीही. लग्न डिसेंबरात. तुला पहिल्या रविवारपासून सांगतोय, म्हणाला. मी म्हटले, माझ्याकडे बोटीचे दोन बर्थ आहेत. उटे बाण मोजत होती. तेच ते पाच बाण, पुन्हा पुन्हा.

निश्चय : सुलेखाच्या वडिलांना पत्र. उद्या.

२७ सप्टेंबर, गुरुवार

पत्र लिहिले नाही. एक बर्थ सोडला. हरीण बोटीवर नेता येईल का, याची चौकशी सहज म्हणून केली. येत नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार. डार्मश्टाट स्टेशन.

गाडीला वीस मिनिटे होती. शाळेचा चार्ज दिला तशीच यादी केली. देणार मी, घेणार उटे.

१. हरीण, पेंढ्याचे, डोळ्यांसह, एक. बाण मारू नये.

२. रंगाचे डबे दोन, ब्रश एक, दाभण एक.

३. गोडा मसाला, अर्धा डबा. विनयला कमी तिखट लागते.

४. खोलीची किल्ली. फ्राउ केसलर यांना पोचवणे.

पाचवा आकडा घालून ठेवला होता. उटेने विचारले, अहो आई, पाचवे काय? मी म्हटले, ते तुला आधीच पोचले आहे. विनय माझी ट्रंक डब्यात चढवत होता, त्याला ऐकू गेले नसावे.

तिने चारही ओळींपुढे सही केली. मग पाचव्या आकड्यापुढेही केली.

प्रत माझ्याकडे आहे.