दुर्बिणीला किल्ली

तीर्थस्वरूप दाजींस,

साष्टांग नमस्कार (पोट सुटल्यापासून तो मला पत्रातच जमतो). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा खोकला आणि आवाज दोन्ही ठीक असावेत. निदान आवाजाची खात्री परवा फोनवर पटली. आम्ही मजेत आहोत.

पत्रास कारण तुमची दुर्बीण. रायफलवर बसवायला तुम्ही विश्वासाने दिलेली ही वस्तू सदोष आहे, असे मी मागच्या पत्रात जरा कडक भाषेत कळवले होते. ते सगळे मी मागे घेतो. झाले असे, की आमच्या नेमबाजी क्लबच्या चौघांच्या संघात एक जागा रिकामी झाली. अकरा वर्षे मी त्या संघाकडे बाहेरून बघतो आहे, तेव्हा म्हटले, आता नाही तर कधीच नाही. शनिवारी निवड चाचणी होती आणि त्याआधी दुर्बीण जुळवायची होती, म्हणजे तिच्यातली फुली जिथे टेकेल तिथेच गोळी लागेल असे करायचे. काम तसे सोपे. पन्नास मीटरवरच्या कागदावर तीन गोळ्या झाडायच्या, त्या मध्यापासून किती हुकल्या ते मोजायचे आणि दुर्बिणीची दोन बटणे (वरचे उंचीसाठी, उजव्या अंगाचे आडव्या फरकासाठी) तितक्या खाचा फिरवायची. प्रत्येक खाचेला बारीक टिक् आवाज होतो. तीस वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे कोण शिकवणार, अशा तोऱ्यात मी गेलो.

पहिल्या तीन गोळ्या डावीकडे लागल्या. मोजून बटण फिरवले, तर पुढच्या तीन आणखी डावीकडे. पुन्हा फिरवले, पुन्हा तेच. चार दिवस हेच चालले. मी गोळ्यांना दोष दिला, चष्म्याला दिला, वाऱ्याला दिला (आमची रेंज बंदिस्त आहे) आणि शेवटी तुमच्या दुर्बिणीला दिला. गुरुवारी तर मी शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या कागदाचा बरोब्बर मध्य फोडला. त्यांनी माझे आभार मानले आणि तो गुण आपल्या नावावर धरला.

शुक्रवारी मी डबा विसरलो म्हणून ही तो घेऊन रेंजवर आली आणि मागच्या बाकावर बसली. दोन फेऱ्या तिने नीट पाहिल्या. मग शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही तिला किल्ली देताय."

दाजी, तिचे अगदी खरे होते. दुकानात घड्याळ हातात आले की माझी बोटे आपोआप त्याला किल्ली देतात, मला पत्ताही नसतो. दुर्बिणीचे ते उजवे बटण नेमके घड्याळाच्या किल्लीच्या जागी. नेम धरण्याआधी मी श्वास स्थिर करी, तेवढ्यात बोटे दहा-बारा खाचा फिरवून मोकळी. (गोळीच्या आवाजासाठी कानांत बोळे कोंबलेले, त्यामुळे टिक् ऐकू कुठून येणार!) बटणांची टोपणे मी केव्हाच हरवली होती. हिने पर्समधून चिकटपट्टी काढली, दुर्बीण जुळवून झाल्याबरोबर दोन्ही बटणे घट्ट बांधून टाकली आणि माझ्या पुढच्या तिन्ही गोळ्या मध्यात लागल्या. मला रडू यायचे बाकी होते.

आमचे प्रशिक्षक म्हणजे निवृत्त हवालदार, कौतुकाच्या बाबतीत अतिशय चिक्कू. ते म्हणाले, हात बदलून खात्री करून घेऊ. वहिनी, तुम्ही झाडा. ही नको नको म्हणत रायफलमागे आडवी झाली आणि तीन गोळ्या झाडून उठली. कागदावर भोक एकच. दोन बाहेर गेल्या असतील, पहिल्यांदा असे होते, अशी मी तिची समजूत काढत होतो. हवालदारांनी भिंग लावून ते भोक पाहिले आणि तो कागद घडी करून आपल्या खिशात ठेवला.

शनिवारी मी आयुष्यातली सगळ्यात चांगली नेमबाजी केली, आणि संघातली चौथी जागा आपल्या घरात आली. ताईला जरूर सांगावे. मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : ताईने आतापर्यंत चार घरी फोन केले असतील, म्हणून खुलासा करतो. जागा हिला मिळाली (हवालदारांनी तिलाही चाचणीला उतरवले होते), माझ्यापेक्षा नऊ गुण जास्त घेऊन. मला वाईट वाटेल असे मला वाटले होते. पण यादीवर तिचे नाव लागले तेव्हा मी इतक्या मोठ्याने ओरडलो, की पोस्टमास्तरांचा नेम चुकला.

आणखी एक : दुर्बीण महिनाअखेर परत करायचे ठरले होते. ती आता संघाच्या सामन्यापर्यंत राहू द्यावी, ही विनंती. नाही म्हणायचे असेल तर हिलाच कळवा, आणि तेही पत्राने. पन्नास मीटरच्या आत येऊन सांगू नका.