बुटकी तुळई

शनिवार, १८ ऑक्टोबर १९९७, वेस्ट विंडसर

इंग्रज शेतकऱ्यानं बांधलेलं हे फार्महाउस आम्हाला विकणारी मार्गारेट आज पाहुणी म्हणून आली. दाराशी आमच्या चपला बघून तिनंही बूट काढले.

स्वयंपाकघराच्या दारावरची ती मेली बुटकी तुळई! सहा महिन्यांत कपाळाला किती टेंगळं आली माझ्या. सवयीनं ओरडले, “काकू, डोकं सांभाळा!” तेही मराठीत. आणि कोणाला, तर चाळीस वर्षं इथे राहिलेल्या बाईला! लाजच वाटली. इंग्लिशमध्ये सॉरी म्हणून अर्थ सांगितला.

ती तुळईवरून हात फिरवत म्हणाली, “माझा नवरा रोज असाच ओरडायचा. तो गेल्यापासून कोणी ओरडलंच नाही.”

निघताना ती त्या तुळईपाशी थांबूनच राहिली. मी पुन्हा ओरडले, तेव्हा कुठे वाकली.