दुधातले राखणदार

ताई गं,

शाळेच्या वसतिगृहात खोकल्याचं औषध घ्यायची वेळ आली की मी तोंड घट्ट मिटून घ्यायचे. मग तू माझ्या चमच्यातलं आधी स्वतः चाखायचीस आणि धडधडीत खोटं बोलायचीस, "कडू नाहीये गं, घे." सिस्टर डोळे वटारायच्या. मी मात्र तुझ्यावर भरवसा ठेवून गिळायचे.

तुझ्या रक्तात एचआयव्ही सापडला, तेव्हा तुझी लेक अंगावर पीत होती. "मी तिला विष पाजलं," म्हणालीस, आणि तिची तपासणी व्हायच्या आतच गेलीस. तिला लागण झालीच नव्हती, ताई.

आता ती प्रयोगशाळेत आईच्या दुधाचाच अभ्यास करते. काल भांडी विसळताना सांगत होती, "मावशी, विषाणू दुधातून येतो, पण त्याला अडवणारेही दुधातच असतात. काही प्रथिनं, काही शर्करा त्याला बाळाच्या आतड्याला चिकटू देत नाहीत. औषधं हवीतच, पण ती नव्हती तेव्हाही बहुतेक बाळांना लागण झाली नाही."

"म्हणजे तुझ्या आईनं..."

"अगं, आईनं राखणदार बसवले होते माझ्या पोटात!"

रडणं ऐकू जाऊ नये म्हणून मी नळ सोडूनच ठेवला. कडू तेवढं तू घेतलंस, ताई, आणि तिला राखण दिलीस.

तिला आता दिवस गेलेत. पाजताना तू पांघरायचीस ती निळी शाल तिला देणार. माझा तो औषधाचा चमचा तिच्या बाळाला. 'विष' हा तुझा शब्द मात्र कुणालाच नाही. तो मी तिला कधी सांगितला नाही, माझ्याबरोबरच जाईल.

तुझी,
अजून तोंड मिटून बसलेली धाकटी