ओठावर फुटलेला ताप

प्रिय डिंपल,

फोनवर तुझी सासू बाजूलेच बसली असते, म्हणून लिहून राहिली. कैलाशमामा उद्या सकाळच्या एसटीनं नागपूरले तुमच्या दवाखान्यात येईल, त्याच्याजवळ देते. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, अक्षर लावून घेजो.

छोटूनं दूध ओढलं का गं? त्याच्या पाठीतून सुईनं पाणी काढलं म्हणे, डोळ्याजवळच्या फोडाचं पाणी कापसाच्या काडीवर घेऊन तपासाले धाडलं म्हणे. बावीस दिवसांचा जीव! मी इथं करडी गावाले बसून काय करू? तुझे बाबा बोडीच्या तळ्यावर जाळं घेऊन जातात अन् कोरडंच जाळं घेऊन परत येतात. मी चुलीपाशी बसते, रांधायचं विसरते.

रिपोर्टात हर्पीस निघालं अन् तुझ्या दिरानं, त्या बंटीनं, मोबाईलवर पाहून घाणेरडा रोग म्हणून सांगितलं. सासूनं सरळ तुझ्याकडं बोट दाखवलं, लिलाधर जावई मान खाली घालून बसले. ओल्या बाळंतिणीले असं बोलतात का? डॉक्टरीणबाईनं तर समजावलं होतं, का हा ओठाकडचा प्रकार, कितीक माणसाच्या अंगात लहानपणापासून असतो, नसेत लपून बसतो अन् ताप आला का वर येतो. मोठ्याले काही होत नाही, पण तान्ह्याच्या मेंदूत चढतो. ऐकते कोण? सासरी, जवाहरनगरच्या क्वार्टरात, तुझं नाव झालंच.

बाई, तुले आठवते? तू इथं माहेरी बाळंतीण झाली अन् दुसऱ्याच दिवशी मले ताप भरला. पाच दिवस मी ओसरीत पडली, थाळी-गिलास वेगळा, छोटूले दारातूनच पाहायची. तू हसायची, आई, करोनावानी काहून करून राहिली म्हणायची. मग ताप उतरला, ओठावर फुटला. शेजारची बेबीबाई म्हणे, ताप मुतला, आता गेला समज, घे नातवाले. आपण जन्मापासून हेच ऐकलं ना? तूच त्याच्यावर लोणी लावून दिलं. मी साबणानं हात धुतले, लुगडं बदललं अन् त्याले मांडीवर घेतलं. पाच दिवसांची भूक होती माझी. कपाळ, गाल, डोळे, मुके घेत सुटली.

परवा तू फोनवर विचारलं, आई, घरात कोणाच्या ओठावर फोड आला होता का, डॉक्टरीणबाई विचारून राहिल्या. मी नाही म्हटलं. देवाशपथ, तेव्हा खोटं नाही बोलली. फोड कुठं होता, तो तर ताप फुटला होता. दुपारी आरशापुढं कुंकू लावताना ओठावरची खपली दिसली अन् कळलं, ताप फुटला म्हणतो तो फोडच. तेव्हापासून तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. हे मात्र खोटंच झालं.

हे पत्र सासूसमोर मोठ्यानं वाच, डॉक्टरीणबाईलेही दाखव. तुझ्यात काही खोट नाही, हे दुखणं माझ्या तोंडातून आलं. माझ्यावर राग धर, जन्मभर धर, मी काही म्हणणार नाही. फक्त छोटू वाचून घरी आला का मले एकदा बोलाव. मी उंबरठा ओलांडणार नाही. दारातूनच पाहीन.

तुझीच,
आई